आधी गोटा की आधी गोष्ट?

'आधी कोंबडी की आधी अंडं?' हा प्रश्न आपल्याकडच्या मुलांना दोनदा ऐकावा लागतो. एकदा मराठीत, आणि एकदा 'कोळी मोदलो, मोट्टे मोदलो?' असा कानडीत. त्यात कानडीतली 'कोळी' म्हणजे कोंबडी आणि मराठीतला कोळी म्हणजे मासे धरणारा, नाहीतर भिंतीवर जाळं विणणारा. त्यामुळे उत्तर राहतं बाजूला आणि घरात हशा पिकतो.

विज्ञानाने या कोड्याचा निकाल बराचसा लावला आहे. जमिनीवर कवचाची अंडी घालणारे प्राणी तीस कोटी वर्षांपूर्वीच पृथ्वीवर होते. कोंबडी मात्र कालची. रानकोंबडीला माणसाने माणसाळवलं ते गेल्या काही हजार वर्षांत. म्हणजे अंडं आधी. पण कोणी हट्टाने विचारलं की, 'कोंबडीने घातलेलं ते कोंबडीचं अंडं, की ज्यातून कोंबडी निघाली ते?' तर मग वाद शब्दांचा होतो. पिढ्यान्‌पिढ्या कणाकणाने बदल होत गेला. त्यातल्या एकीवर बोट ठेवून 'ही पहिली कोंबडी' असं दाखवता येत नाही.

आपल्या जुन्या पंडितांनी यालाच 'बीजांकुर न्याय' म्हटलं. बी आधी की रोप आधी? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात हाच दाखला देऊन सांगितलं की, कर्म आणि संसार यांच्या साखळीला पहिली कडी नाही, ती अनादि आहे. वर्गात हे शिकवताना मुलं माना डोलावतात. पण ज्या साखळीला पहिली कडी नाही ती माणसांच्या डोक्यात कशी जाऊन बसते, हे मला पुस्तकापेक्षा पांढुर्ण्याने जास्त चांगलं समजावलं.

माझी मावसबहीण सौंसरला दिली आहे. सौंसर आणि पांढुर्णा ही मध्य प्रदेशातली मराठी बोलणारी गावं. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होती, 2023 पासून पांढुर्णा हाच स्वतंत्र जिल्हा झाला. संत्र्यांचा मुलूख. बोली वऱ्हाडी वळणाची, आणि वाक्य कधी हिंदीत जाऊन उतरेल याचा नेम नाही. आपल्या घरात मराठी वाक्य कानडीत उतरतं, तसंच. आपल्याकडे पंचांगात 'कर्नाटकी बेंदूर' वेगळा आणि 'महाराष्ट्रीय बेंदूर' वेगळा. तिकडे पोळा एकच, पण अमावास्या दोन नावांची. आपल्या पंचांगाची श्रावणातली, हिंदी पंचांगाची भाद्रपदातली. बैलाला त्याचं काय! त्याला पुरणपोळी मिळाल्याशी कारण.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते. गोटा म्हणजे दगड, हे आपल्याला सांगायला नको. मधून जाम नदी वाहते. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात. पांढुर्ण्याच्या लोकांनी कुऱ्हाडीने ते तोडून आणायचं आणि सावरगावच्या लोकांनी दगड मारून त्यांना अडवायचं. शेवटी झाड चंडीमातेच्या देवळात अर्पण होतं. दिवसभरात शेकडो माणसं जखमी होतात. डॉक्टर, रुग्णवाहिका, पोलीस सगळे आधीपासून तयार असतात. जीवही गेले आहेत. प्रशासनाने मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी पुन्हा दगडच उचलले.

हे का, असं विचारलं की एक गोष्ट सांगतात. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून निघाले. नदीच्या मध्यावर असताना सावरगावकरांनी दगड मारले, मग त्यांना सोडवायला पांढुर्णेकरांनी मारले. दोघंही पाण्यातच मेली. दोन्ही गावांना पश्चात्ताप झाला, आणि त्यांच्या आठवणीत ही प्रथा सुरू झाली. दुसरे लोक वेगळंच सांगतात. म्हणे भोसल्यांचं सैन्य इथे दगडफेकीचा सराव करायचं, त्यातून हे आलं.

आता कोंबडी कोणती आणि अंडं कोणतं? गोष्ट घडली म्हणून दगड सुरू झाले, की दगड आधीपासून सुरू होते आणि ते का मारतो हे मुलांना सांगण्यासाठी गोष्ट तयार झाली? रॉबर्टसन स्मिथ या अभ्यासकाने 1889 मध्येच मांडलं होतं की, धर्मात विधी आधी येतो आणि त्याची कथा मागाहून जुळते. मला ते पटतं. पश्चात्तापातून निघालेली प्रथा पश्चात्तापाची कारणंच दरवर्षी नव्याने कशी निर्माण करील? पण एकदा दोन्ही जुळली की ती एकमेकींना जगवतात. गोष्ट आहे म्हणून दगड पवित्र, आणि दगड आहेत म्हणून गोष्ट जिवंत.

मावसबहिणीने तिच्या ओळखीतल्या एका बाईची हकिगत सांगितली. तिचं माहेर सावरगावचं, सासर पांढुर्ण्याचं. त्या दिवशी तिचा भाऊ एका काठावर आणि नवरा दुसऱ्या काठावर. जखमेला चंडीमातेचा अंगारा लावला की बरं होतं, अशी तिथे श्रद्धा आहे. ती म्हणे दोघांसाठी दोन पुड्या बांधून ठेवते. कोणी आधी मारला, हे ती कधीच विचारत नाही. दोन्ही घरांत उत्तर एकच मिळतं, 'त्यांनी.'

हे ऐकताना मला आपलाच प्रदेश आठवला. 1 नोव्हेंबर 1956 या एकाच दिवशी राज्यांच्या नव्या सीमा अमलात आल्या. नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात गेला, पण पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. त्याच दिवशी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून आपण विचारतो आहोत, इथे आधी मराठी की आधी कानडी? इतिहासकारांनी हा प्रश्न जरूर विचारावा, न्यायालयाने त्याचं काय ते ठरवावं, आणि आपल्या भाषेचा हक्क मागणं हेही योग्यच. पण स्वयंपाकघरात तो प्रश्न आला की ताटं आपटतात. 'आधी तुमच्या माणसाने पाटी फोडली', 'त्याच्या आधी तुमच्यांनी बस अडवली.' प्रत्येक दगडाचं कारण त्याच्या आधीचा दगड, आणि पहिला दगड कोणालाच दिसलेला नाही.

घराचं गणित वेगळं असतं. 'अक्का' हाक मराठीची की कानडीची? कानडी 'किटकी' आणि मराठी 'खिडकी' यांत कोण आई नि कोण लेक? वारा दोन्हींतून येतो. द. रा. बेंद्रे मराठी बोलणाऱ्या घरात जन्मले आणि कानडीचे थोर कवी झाले, 1973 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. त्यांची पहिली भाषा कोणती, यावर भांडून कोणाला काय मिळणार?

'आधी कोण' हे विचारावं, पण कोंबडीबद्दल विचारावं, तिला राग येत नाही. माणसांच्या बाबतीत त्याहून उपयोगाचा प्रश्न आहे, 'आधी कोण थांबणार?' त्याचं उत्तर द्यायला जुने कागद लागत नाहीत. हातातला गोटा ज्याने आधी खाली ठेवला, त्याचं नाव मात्र सगळ्यांना दिसतं.