एकदाच उघडणारी चिठ्ठी

मी सांगलीत व्यापाऱ्यांची जीएसटीची रिटर्न भरते. हळदीचे अडते, गणपती पेठेतले दुकानदार, हार्डवेअरवाले असे माझे क्लायंट. नवा माणूस आला की पोर्टलचा युजर आयडी आणि पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळा होतो. तो मेसेज मग त्याच्या फोनमध्ये, माझ्या फोनमध्ये, दोघांच्या बॅकअपमध्ये आणि दुकानाच्या काउंटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब सुरू असलेल्या कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं पडून राहतो. त्या एका पासवर्डने माल कुणाकडून घेतला, कुणाला कितीला विकला, सगळं उघडं पडतं. शेजारच्या गाळ्याला हे कळलं तर काय होतं, ते व्यापाऱ्यालाच विचारावं.

म्हणून आता पहिल्या भेटीतच, माझ्या ऑफिसात बसूनच, पासवर्ड बदलून घेते आणि नवा पासवर्ड प्रायव्हेटबिन या वेबसाइटवरच्या चिठ्ठीतून त्यांना पाठवते. मजकूर लिहायचा, वाचल्यावर नष्ट होण्याचा पर्याय निवडायचा, मुदत एक दिवसाची ठेवायची आणि लिंक पाठवायची. एकदा उघडली की सर्व्हरवरून मजकूर जातो. नुसत्या पुसण्याच्या आश्वासनावर मी विसंबले नसते. मजकूर आपल्याच ब्राउझरमध्ये कुलूपबंद होतो आणि किल्ली लिंकमध्ये # या खुणेच्या पुढे असते, हे समजलं तेव्हा पटलं. खुणेपुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. सर्व्हरवर राहतात ती नुसती न उलगडणारी अक्षरं.

एकदा मार्केट यार्डातल्या एका अडत्यांचा फोन आला.

“मॅडम, तुमची चिठ्ठी आता नाहीच म्हणतंय ओ.”

“काका, तुम्ही आधी उघडली होती का?”

“छे! आत्ता तर सौद्यावरनं आलोय. फोन खिशातच होता.”

“मग काउंटरच्या कॉम्प्युटरवर कोण बसलं होतं?”

पलीकडून बराच वेळ उत्तर आलं नाही. मी त्यांना म्हटलं, कोण ते नंतर बघा, आधी पासवर्ड बदला. फोन चालू ठेवूनच त्यांनी तो बदलला. दुकानात पुढे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, तो त्यांचा प्रश्न. पण काउंटरवरचं व्हॉट्सअ‍ॅप त्यांनी त्याच आठवड्यात दुसऱ्या नंबरवर नेलं.

या चिठ्ठीवर माझा जीव आहे तो यासाठीच. साध्या मेसेजमधला पासवर्ड तिसऱ्याने वाचला तर आपल्याला कधीच कळत नाही, मेसेज जागच्या जागी असतो. इथे दुसऱ्याने उघडली की खऱ्या मालकाच्या हाती रिकामी लिंक येते आणि तो लगेच फोन करतो. गुपित फुटलंच तर फुटल्याचं त्याच दिवशी कळणं, ही माझ्या कामात फार मोठी गोष्ट आहे. क्लायंटला मी हेच आधी सांगते: लिंक रिकामी निघाली तर माझी चूक समजून गप्प बसू नका.

वाचणाऱ्याने स्क्रीनशॉट काढला तर मात्र इलाज नाही. स्नॅपचॅटने फोटो कायमचे नाहीसे होतात असं लोकांना सांगितलं होतं. ते तसे होत नव्हते, म्हणून २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीवर ठपका ठेवला. याहून मला धास्ती वाटते ती नकली साइटची. प्रिव्हनोट ही २००८ पासूनची चिठ्ठीसेवा. तिच्यासारख्याच नावाची एक साइट चिठ्ठीतले बिटकॉइनचे पत्ते गुपचूप बदलून पैसे भलतीकडे वळवत होती, हे ब्रायन क्रेब्ज या पत्रकाराने २०२० मध्ये उघडकीला आणलं. साइटच खोटी असेल तर सगळी कुलपं व्यर्थ.

त्यामुळे आता चिठ्ठीला मी वेगळा परवलीचा शब्द लावते आणि तो फोनवर तोंडी सांगते. चिठ्ठीत फक्त पासवर्ड असतो. दुकानाचं नाव, जीएसटी नंबर, युजर आयडी त्यात कधीच नसतात. आणि ज्यांना स्वतः चिठ्ठी पाठवायची असते, त्यांना साइट गुगलवर शोधू देत नाही. त्यांच्या फोनवर खरा पत्ता मीच बुकमार्क करून देते.