आवडीची साक्ष

गेल्या वर्षी मृग लागला त्या सुमारास माझ्या भाच्याचे बडोद्याहून पत्र आले. पत्र म्हणजे हल्लीच्या रिवाजाप्रमाणे फोनच्या पडद्यावर उमटलेले. परंतु मजकूर कागदावरील पत्राला शोभावा इतका लांब होता. "मामा, आई म्हणते की जपानी रॉक संगीताचा तुम्हांला कॉलेजात असल्यापासून नाद आहे. मी पहिल्या पगारातून तबकड्या वाजवण्याचे यंत्र घेतले. तुमच्या अगदी आवडीच्या पाच ध्वनिमुद्रिका कळवा, आणि क्रमवार कळवा. पहिल्या क्रमांकाची मी आधी विकत घेणार आहे."

वकिलाला कोणी मत विचारले की त्याला प्रथम फी आठवते, असा एक समज आहे. मला मात्र त्या दिवशी अगदी भरून आले. बेळगावच्या कोर्टात मी बावीस वर्षे उभा राहतो आहे; तेथे वाटण्या, वहिवाटी आणि विहिरींचे हक्क यांविषयी मला पुष्कळांनी पुष्कळ विचारले, पण जपानी रॉकविषयी कोणी अवाक्षरही काढले नव्हते.

हा नाद मला लागला तो गोव्याच्या मार्गाने. लॉ कॉलेजात माझा एक सहाध्यायी मडगावचा होता. त्याचे थोरले बंधू बोटीवर नोकरीला होते. गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात त्यांपैकी एक. ते योकोहामाहून परतताना एक तबकडी घेऊन आले आणि माझ्या मित्राने ती नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून घेतली. एका बाजूवर ती सबंध मावली. दुसरी बाजू रिकामी जाऊ नये म्हणून त्याने तिच्यावर आल्फ्रेड रोज यांची कोंकणी कांतारां भरली. त्यामुळे आजही ते जपानी संगीत संपले की माझे कान नकळत आल्फ्रेडबाबांच्या आवाजाची वाट पाहतात!

ती तबकडी होती फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँडची 'सातोरी', १९७१ सालची. सातोरी म्हणजे झेन पंथातील बोध, अंतरीची जाग. आणि झेन हा शब्द तरी काय, आपलेच 'ध्यान' चीनमार्गे जपानात पोहोचलेले. तबकडीवर पाच भाग आहेत आणि पाचांनाही 'सातोरी' हेच नाव, पुढे फक्त क्रमांक. प्रथम एक बारीक, उंच सूर काही क्षण नुसता लांबत राहतो. मग झांजांचा नाद, आणि मग गायक जो यामानाका यांची अशी किंकाळी की वसतिगृहाच्या रेक्टरसाहेबांनी एकदा दार ठोठावून चौकशी केली होती. हे यामानाका 'हेअर' या अमेरिकन संगीतनाट्याच्या जपानी प्रयोगातून पुढे आलेले गृहस्थ. परंतु मला बांधून ठेवले ते इशिमा हिदेकी यांच्या गिटारीने. ती स्वरावर नेमकी पाऊल ठेवीत नाही. त्याला ओढ देते, मींड घेत त्याच्याकडे येते, आणि पोहोचल्यावरही थोडी रेंगाळते. हे वळण आपल्याकडचे आहे असे मी तेव्हाच छातीठोकपणे म्हणालो होतो, आणि मित्रांनी माझी यथेच्छ टर उडवली होती. पुढे कित्येक वर्षांनी वाचनात आले की इशिमांनी सतार आणि गिटार यांचा संकर करून 'सितारला' नावाचे वाद्यच घडवले, आणि बँड पुन्हा एकत्र आला तेव्हा २००८ च्या ध्वनिमुद्रिकेत ते वाजवलेही. खटला जिंकल्याचा असा आनंद मला कोर्टात फारच थोड्या वेळा लाभला आहे.

या तबकडीच्या मागे एक भाषावाद आहे, तो या मासिकाच्या वाचकांना विशेष समजावून सांगण्याची गरज नाही. त्या काळात तोक्योमध्ये प्रश्न उपस्थित झाला की रॉक जपानीत गाता येते काय. बँडचे जनक आणि निर्माते उचिदा यूया हे इंग्रजीच्या पक्षाचे. जपानी भाषा या तालावर बसत नाही आणि जगापुढे जायचे तर इंग्रजीच हवी, असे त्यांचे प्रतिपादन. उलट पक्षी 'हॅपी एंड' नावाच्या चौघा तरुणांनी सरळ जपानीतच गाऊन दाखवले. त्यांची 'काझेमाची रोमान' हीदेखील १९७१ चीच. संगीताच्या मासिकात या वादावर परिसंवाद छापले गेले. ज्या गावात अशील मराठीत रडतो, कागद कन्नडात येतात, युक्तिवाद इंग्रजीत होतो आणि कारवारहून आलेली मासळीवाली कोंकणीत घासाघीस करते, त्या गावच्या माणसाने यात कोणाची बाजू घ्यावी? मला मौज वाटते ती उचिदांची. इंग्रजीचा कैवार घेतला खरा, पण 'सातोरी'त शब्द इतके थोडे ठेवले की उरली ती किंकाळी आणि गिटार. आणि त्यांना कोणत्याच भाषेचा परवाना लागत नाही.

तेव्हा माझ्या यादीत पहिली कोण, हे सांगायला नको. परंतु यादी लिहावयास बसलो आणि हात थबकला. जूलियन कोप नावाच्या इंग्रज संगीतकाराने २००७ साली जपानी रॉकवर एक पुस्तक लिहिले. त्यात अखेरीस पन्नास ध्वनिमुद्रिकांची क्रमवारी आहे आणि तिच्या शिरोभागी 'सातोरी' आहे. म्हणजे या विषयात चार पावले टाकलेल्या कोणालाही हे नाव ठाऊक! लताबाईंचे गाणे आवडते असे सांगून आजवर कोणी रसिक ठरलेला नाही. भाच्याला वाटावे की मामाने काही तरी आडवाटेचे, दुर्मिळ, आतल्या गोटातले सांगितले, हा मोह मला अनावर झाला. मी 'सातोरी' दुसऱ्या क्रमांकावर उतरवली. तिसरी 'शिंगेत्सु', १९७९ ची. शिंगेत्सु म्हणजे अमावास्येचा चंद्र. तिच्यातील पहिले गीत 'ओनि', म्हणजे राक्षस, असे संथपणे उलगडते की भयापेक्षा करुणाच अधिक वाटते. तिच्यात मेलोट्रॉन नावाचे वाद्य आहे. त्याची पट्टी दाबली की आत ध्वनिफितीचा एक तुकडा सरकतो आणि आधी मुद्रित केलेली व्हायोलिने वाजू लागतात, जरा कापऱ्या, दम्याच्या आवाजात. चौथी केन्सोची 'युमे नो ओका', १९९१ ची, 'स्वप्नांची टेकडी'. केन्सोचे नायक शिमिझु योशिहिसा हे व्यवसायाने दंतवैद्य आहेत. दिवसभर लोकांच्या दाढा पाहून उरलेल्या वेळात असली गुंतागुंतीची रचना करणाऱ्या मनुष्याविषयी, कोर्टातून येऊन निबंध लिहिणाऱ्या मला आतड्यातून जिव्हाळा वाटतो. पाचवी योनिन बायाशी या चौकडीची 'इश्शोकु सोकुहात्सु', १९७४ ची. या चारही निष्ठा खऱ्या होत्या.

आणि पहिल्या क्रमांकावर मी लिहिले: ले रालीझ देन्युदे, १९७७ च्या मैफलीचे ध्वनिमुद्रण.

या बँडची कथाच अशी आहे की नाव घेताच सांगणाऱ्याचा भाव वधारतो. १९६७ साली क्योतोच्या दोशिशा विद्यापीठात मिझुतानी ताकाशी यांनी तो उभा केला. सुरुवातीच्या संचात बास गिटार वाजवणारा तरुण ३१ मार्च १९७० रोजी जपानी विमान पळवून उत्तर कोरियात नेणाऱ्या नऊ जणांपैकी एक होता. मिझुतानी त्यानंतर जवळजवळ पडद्याआडच राहिले. वर्षानुवर्षे बँडची अधिकृत ध्वनिमुद्रिका नव्हतीच. मैफलींच्या चोरट्या फिती एका हातातून दुसऱ्या हातात, नकलेची नक्कल होत फिरत राहिल्या. १९९१ मध्ये तीन तबकड्या निघाल्या तेवढ्याच. मिझुतानी २०१९ साली वारले आणि ते जगाला कळले २०२१ मध्ये. ऐकीव पुरावा न्यायालयात सहसा टिकत नाही. येथे तर सारी कीर्तीच ऐकीव पुराव्यावर उभी!

माझीही त्यांविषयीची आवड तशीच ऐकीव होती. ती मैफल मी एकदाच, एक कैफियत तपासता तपासता, निम्मी ऐकली होती. तळाशी बासचे चार-सहा स्वर पुन्हा पुन्हा फिरतात आणि वरून गिटारीचा कर्कश झंझावात. दहा मिनिटांनी मी ती बंद करून कैफियतीकडे वळलो होतो.

भाच्याने तो संच मागवला. आयात शुल्क धरून त्याच्या पगाराचा चांगलाच लचका तुटला असावा, पण त्याविषयी तो एक शब्द बोलला नाही. तीन आठवड्यांनी त्याचे पत्र आले. "मामा, चार वेळा ऐकली. मला गोंगाटाखेरीज काही ऐकू येत नाही. पण तुम्ही ती सगळ्यांत वर ठेवली आहे, तेव्हा माझ्याच कानात काही उणे असणार. पुन्हा ऐकतो."

साक्षीदाराला पिंजऱ्यात चढण्यापूर्वी मी शपथेचा अर्थ समजावून देत असतो. "जेवढे पाहिले तेवढेच सांगा, तात्या, वर आपली भर घालू नका." खोट्या साक्षीने प्रतिपक्षाचे नुकसान होते, हे मला कायद्याने शिकवले होते. परंतु एका तेवीस वर्षांच्या मुलाने माझ्या शब्दाखातर स्वतःच्या कानांवर अविश्वास दाखवावा, या नुकसानीला कोणते कलम लावावे? उत्तर लिहावयास चार-पाच वेळा बसलो. दर वेळी काही तरी शहाणपणाचे सुचले आणि दर वेळी ते खोडले. शेवटी "चतुर्थीला ये, बोलू" एवढेच कळवले.

चतुर्थीला तो आजोळी आला, तो संच कपड्यांच्या घड्यांत जपून घेऊनच. रात्रीची आरती झाली, मंडळी पांगली, आणि मी त्याला माडीवर नेऊन सारे सांगून टाकले. पुस्तकातली क्रमवारी, माझा मोह, ती कैफियत, सगळे. तो हसेल अशी माझी आशा होती. तो हसला नाही.

"म्हणजे मामा, तुम्ही ती पुरती ऐकलीच नाही?"

"निम्मी."

तो थोडा वेळ तबकडीच्या वेष्टनाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मला आता ती आवडते."

मला वाटले, माझी लाज राखण्यासाठी बोलतो आहे. पण तो समजावून सांगू लागला आणि त्याच्या बोलण्यातला उत्साह उसना नव्हता. "वरच्या आवाजाकडे आधी लक्षच द्यायचं नाही. खालचा बास धरायचा. भजनात टाळ जसा हलत नाही, तसा तो हलत नाही. अकराव्या की बाराव्या वेळी मला ते सापडलं. एकदा तो धरला की वरच्या काहुराची भीती जाते." मग जरा संकोचून म्हणाला, "'सातोरी' पण ऐकली मी. छान आहे. पण मामा, रागावू नका, जुन्या सिनेमासारखी वाटते."

पंचवीस वर्षांच्या माझ्या निष्ठेची ही वासलात! मी उलटतपासणीच्या पवित्र्यात उभा राहणार होतो, पण निम्मी मैफल ऐकून साक्ष देणाऱ्याला तो अधिकार कुठला? त्याने माझ्या जुन्या यंत्रावर तबकडी चढवली आणि मला समोरच्या खुर्चीत बसवले. मी डोळे मिटून तो बास शोधू लागलो. एकदा सापडला, मग सुटला, पुन्हा सापडल्यासारखा वाटला. पाऊण बाजू झाली असेल, तोच जिन्यावर पावले वाजली.

"अहो, त्या यंत्राला काय झालंय बघा तरी," सौभाग्यवती दारातूनच म्हणाल्या. "खाली गणपतीपर्यंत खरखर ऐकू येते आहे."

"काही झालं नाही, मामी," भाचा म्हणाला. "आत्ता कुठे लागायला लागलं आहे. तुम्ही पण बसा."