निळ्या वहीतले लाल गोल

दुबई

चि. सोनू,


निळी वही तुला पोचली आणि तू ती पानन् पान चाळलीस, याचा फार आनंद झाला. लाल गोल कसले, कोपऱ्यात ‘गु’ का लिहिलंय, मधली पानं कोरी का, असं तू विचारलंस. त्याच मेसेजमध्ये मँचेस्टरच्या पबचंही लिहिलंस. दर आठवड्याला वाजवायला बोलावताहेत, पण कव्हरच वाजवायची म्हणून तुझं मन घेत नाही. वहीत एकही गाणं माझं नाही. तरी माझ्याकडच्या सगळ्या सामानात मला ती सर्वांत मोलाची वाटते. का, ते सांगतो.

मुंबईत आमची पिढी धोबीतलावच्या रंगभवनात वाढली. १९८६ पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव व्हायचा. १९८८ मध्ये रॉक मशीन या बँडने स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, तेव्हा त्यातले महेश तिनईकर आणि उदय बेनेगल आम्हाला आपल्यातलेच वाटायचे. आपणही आपलंच वाजवायचं, हे तेव्हापासून डोक्यात होतं. पण पोट भरण्याइतकं काम इकडे होतं, म्हणून नव्वदच्या दशकात मी देरा आणि बर दुबईच्या हॉटेलांत आलो. इथे तेव्हा दारूचा परवाना प्रामुख्याने हॉटेलांना आणि क्लबांना, त्यामुळे बार म्हणजे हॉटेलातला एखादा मजला किंवा तळघर. व्हिसा हॉटेलचा, राहायची खोली हॉटेलची. आठवड्याला एक सुट्टी, एरवी रोज पाऊण पाऊण तासाचे चार सेट. स्टेज एवढंसं की ड्रमरची काठी बेसवाल्याच्या कोपराला लागायची.

समोर बसलेली माणसं आमच्यासाठी आलेली नसायची. ब्रिटिश इंजिनिअर, फिलिपिनो नर्सेस, मल्याळी, गोवेकर, लेबनीज, सगळे दिवसभर राबून आलेले. त्यांनी काय मागितलं ते मी टिपून ठेवायचो. लाल गोल म्हणजे फर्माईश, आतला आकडा टेबलाचा. आकडा एवढ्यासाठी, की पुढच्या आठवड्यात तोच माणूस त्याच टेबलावर दिसला तर न सांगता ते गाणं वाजायला हवं. अशा वेळी त्या माणसाचा चेहरा कसा उजळतो, ते तुला एकदा बघायला मिळो. घरापासून हजारो मैलांवर कुणीतरी आपली आठवण ठेवली, एवढंच त्याला कळलेलं असतं.

गोवेकर ख्रिस पेरी आणि लॉर्नाची कोंकणी गाणी मागत. आमच्याकडे ना ट्रम्पेट, ना सॅक्सोफोन. त्या जागा मी लीड गिटारवर बसवल्या. ट्रम्पेटवाल्याला श्वास घ्यावा लागतो, गिटारवाल्याला लागत नाही. म्हणून मी मुद्दाम त्याच्या श्वासाच्या जागी थांबायला शिकलो. माझ्या सोलोमध्ये जी मोकळी जागा तुला आवडते म्हणतेस, ती तिथली आहे.

वहीत काही गाण्यांपुढे दोन स्केल लिहिलेले दिसतील, त्याचं कारण साधं आहे. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ मूळ बी मायनरमध्ये आहे. पहिल्या सेटला आमचा गायक ते त्याच स्केलमध्ये म्हणायचा. चौथ्या सेटपर्यंत गळा बसलेला असायचा, मग ए मायनर. रोज गायचं तर गळा वाचवावा लागतो. हे आम्ही शेजारच्या हॉटेलातल्या फिलिपिनो बँडकडून शिकलो. तीन आवाजांची हार्मनी ते इतकी चोख म्हणत, की सुट्टीच्या रात्री आम्ही त्यांनाच ऐकायला जायचो.

‘गु’ म्हणजे गुरुवार. तेव्हा साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे सगळ्यांत मोठी रात्र गुरुवारची. २००६ मध्ये सरकारी सुट्टी शुक्रवार-शनिवार झाली आणि २०२२ पासून शनिवार-रविवार. आता इथे कुणाला सांगून खरं वाटत नाही.

कोरी पानं रमजानची. त्या महिन्यात तेव्हा बारमध्ये संगीत बंद असायचं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, तशी वहीतली कोरी पानंही जानेवारीतून डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर अशी मागे सरकत गेलेली दिसतील. २००४ ची मोठी पोकळी मात्र वेगळी. २ नोव्हेंबरला, रमजानमध्येच, इथले राष्ट्राध्यक्ष शेख झायेद गेले. चाळीस दिवसांचा दुखवटा होता. ईदलाही आम्ही वाद्यं उघडली नाहीत.

आता तू खास विचारलेलं पान, २२ एप्रिल १९९८. त्यावर गाणी नाहीत, नुसतं ‘१४३’ आहे. त्या रात्री शारजात वाळूचं वादळ आलं आणि त्यानंतर सचिनने १४३ धावा करत ऑस्ट्रेलियाला झोडपलं. आम्ही स्टेजवर वाद्यं लावून टीव्हीकडे बघत उभे होतो. सामना हरलो, पण अंतिम फेरीत गेलो. शारजात दारूबंदी, म्हणून स्टेडियममधून निघालेली माणसं थेट दुबईत आली आणि आमच्या बारमध्ये उभं राहायला जागा उरली नाही. त्या रात्री काय वाजवलं ते लिहायला सवडच मिळाली नाही.

स्वतःची गाणी या शहरात पुढे आलीच. एकवीस वर्षांखालच्यांना बारमध्ये प्रवेश नसल्याने मेटलवेड्या पोरांनी दुसऱ्या जागा शोधल्या. नर्व्हसेल हा इथलाच बँड, आपलंच वाजवत मोठा झाला. मार्च २००७ मध्ये दुबई कंट्री क्लबवर डेझर्ट रॉक महोत्सवाला आयर्न मेडन आले, तेव्हा मी त्या गर्दीत होतो आणि पोटभर ऐकलं. त्या पोरांचा मला अभिमान आहे. पण अनोळखी माणसांची खोली कशी ओळखायची, हे मी बारमध्येच शिकलो, आणि माझी स्वतःची चार गाणी त्यानंतरच उभी राहिली.

तेव्हा पबला हो म्हण. पहिलं गाणं मध्यम लयीचं आणि पाठ असलेलं घे, कारण आवाजाची पातळी त्याच गाण्यात लावावी लागेल. गिटारचा आवाज तुला हवा त्याहून थोडा कमी ठेव. ब्रेकमध्ये मोबाइल काढून बसू नकोस, टेबलांमधून एक फेरी मार. तिसऱ्या सेटला तुझं एक गाणं घाल, नाव न सांगता. कुणी ‘हे कुणाचं?’ म्हणून विचारायला आलं, तर मला लगेच फोन कर. इकडे कितीही वाजले असले तरी चालेल.

तुझा,
काका