जातीचा दाखला, बाप्तिस्म्याचा दाखला आणि मी

माझ्या फाईलमध्ये दोन दाखले आहेत. एक सरकारी, त्यावर 'हिंदू मांग' असे लिहिले आहे. दुसरा आमच्या पाळकांच्या सहीचा, बाप्तिस्म्याचा. नांदेडला बी.ए. करताना पहिला दाखवला आणि दुसरा लपवला. पुण्याच्या सेमिनरीत प्रवेश घेताना दुसरा दाखवला, पहिला फाईलमध्येच राहिला. मग मी खोटा माणूस आहे का? की मला असे जगायला लावणारी व्यवस्था खोटी आहे?

मी चुडाव्याचा. माझ्या आज्याने हलगी खाली ठेवली आणि येशूचे नाव घेतले. गावाने मात्र त्याला मांगच म्हटले. पाणी वरूनच वाढले. दर रविवारी आमच्या घरात प्रार्थना व्हायची, आणि १४ एप्रिलला मी बौद्धवाड्यातल्या पोरांसोबत निळा झेंडा घेऊन पूर्ण्याच्या मिरवणुकीत नाचायचो. यात काही विसंगत आहे असे मला कधी वाटले नाही. सेमिनरीत जायचे ठरवले तेव्हा मात्र तीच पोरे म्हणाली, "बाबासाहेबांनी बुद्ध दिला, अन् तू पाद्री व्हायला निघालास?" मला उत्तर देता आले नाही. पूर्ण्याहून रात्रीच्या गाडीत बसलो तेव्हाही तो प्रश्न सोबत होताच.

पहिले दोन महिने वाईट गेले. पहाटेची घंटा, मग चॅपल, मग ग्रीक. सगळे इंग्रजीत. भाकरीसाठी जीव तळमळायचा. खोलीतला सोबती केरळचा. पहिल्याच आठवड्यात त्याने अभिमानाने सांगितले की त्याचे पूर्वज नंबुद्री ब्राह्मण होते आणि खुद्द संत थोमाने त्यांना बाप्तिस्मा दिला. मी म्हटले, "म्हणजे दोन हजार वर्षे झाली तरी बामणपण धुतले गेले नाही तर!" तो हसला. मी हसलो नाही. पण खरे सांगायचे तर पुढे रात्री जागून ग्रीकची क्रियापदे माझ्याकडून घोकून घेतली ती त्यानेच. माणूस वाईट नव्हता. आपल्याला जात आहे हेच त्याला कधी जाणवले नव्हते.

माझा जीव रमला तो ग्रंथालयात. तिथे बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांचा पाचवा खंड होता. त्यात अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर आणि धर्मांतरितांच्या स्थितीवर त्यांचे लेखन आहे. मिशनऱ्यांनी शाळा-दवाखाने काढले हे ते मान्य करतात. पण त्याचा लाभ वरच्या जातींच्या हिंदूंनी घेतला, गरीब धर्मांतरित तसाच राहिला आणि जात चर्चमध्येही शिल्लक राहिली, हेही ते रोखठोक सांगतात. तो खंड मी टेबलावर बायबलशेजारी ठेवला. मित्रांना द्यायचे उत्तर तिथे सापडू लागले. बाबासाहेबांनी चर्चला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अजून कुणी दिलेले नाही. ते मागायला आत कुणीतरी असायला नको का?

आणि मी पहिला नाही. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे, आमच्याच मांगाची पोर, मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते आणि आमचा धर्म तरी कोणता, असे देवालाच विचारते. तो छापला कुणी? 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती मिशनच्या पत्राने. १९८१ मध्ये बंगलोरच्या सेमिनरीत अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या धर्मशास्त्राचा विषय मांडला आणि त्यातून दलित धर्मशास्त्र उभे राहिले. हे मला आधी कुणी सांगितले नव्हते. चळवळीनेही नाही आणि चर्चनेही नाही.

१० ऑगस्टला सकाळच्या चॅपलमध्ये बोलायची माझी पाळी आली. मी मुक्तावर बोललो आणि १९५० च्या त्या तारखेच्या राष्ट्रपतींच्या आदेशावरही. त्यातला तिसरा परिच्छेद म्हणतो, हिंदू असाल तरच अनुसूचित जात. १९५६ मध्ये शिखांसाठी तो दुरुस्त झाला, १९९० मध्ये बौद्धांसाठी. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. नंतर एक शिक्षक म्हणाले, "चॅपलमध्ये राजकारण नको." ज्याला राज्यसत्तेने क्रुसावर मारले त्याच्या घरात राजकारण नको!

पण मित्रांनो, माझी तक्रार आपल्याकडेही आहे. धर्म बदलला म्हणून जात पाठ सोडत नाही, हाच १९९० पर्यंत आपला युक्तिवाद होता. तो ख्रिस्ती मांगाला का लागू नाही? वाटेकरी वाढतील, असे काही कार्यकर्ते सांगतात. अहो, आम्ही आजही त्याच यादीत आहोत, फक्त तोंड बंद ठेवून! नामांतरासाठी जीव देणारे पोचीराम कांबळे मातंग होते. तेव्हा वाटेकऱ्यांचा हिशोब कुणी केला नव्हता. ऑक्टोबर २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला आणि त्याला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. आणि २६ नोव्हेंबर २०२४ रोजी, नेमक्या संविधान दिनी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ख्रिस्ती असून आरक्षणासाठी हिंदू म्हणवणे ही संविधानाशी फसवणूक आहे. आपल्या किती संघटनांनी त्यावर पत्रक काढले?

धाकट्या बहिणीची जात पडताळणीची फाईल सध्या कार्यालयात पडून आहे. तिला नर्सिंगला जायचे आहे. गावात कुणीतरी बोलले, "भाऊ पाद्री होतोय, हे कसले हिंदू?" आईचा रात्री फोन आला. "तू तिकडं काय बी शिक, पण हितं कुणाला सांगू नको. पोरीच्या कागदाचं वाटोळं होईल." मी म्हटले, मी लिहिणार आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिही. पर नाव टाकू नको."

चुडाव्यात आमची घरे मोजकी. ज्याला ओळखायचे तो ओळखेलच. तरी आईचा शब्द म्हणून या लेखाखाली माझे नाव नाही. जयभीम.