बंड्याच्या अंगावर पिसू नव्हती

सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली : ‘बी विंगमधल्या पाळीव कुत्र्यामुळे पिसवांचा उपद्रव.’ बी विंगमध्ये कुत्रं एकच, आमचा बंड्या. नाव न घेता आमचंच नाव घेतलं होतं. नोटीस कधीच निघाली, पण माझा राग काही निघाला नाही.

आम्ही धायरीत राहतो, धारेश्वराच्या बाजूला. २०१७ मध्ये गाव महापालिकेत गेलं, तरी इमारतींच्या मधूनमधून अजून गोठे आहेत. बंड्या गावठी, पिल्लू असल्यापासून आमच्याकडे. त्याला कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्यानं आंघोळ घालायची आणि उवांच्या बारीक फणीनं केस विंचरायचे, हा आमचा नेम.

श्रावणात पहिल्या मजल्यावर नवे भाडेकरू आले. तो फ्लॅट उन्हाळ्यापासून बंद होता. आल्या आल्या त्यांच्या लहान मुलीच्या पोटऱ्या लाल पुरळानं भरल्या. बंड्या जिन्यात बसतो हे सगळ्यांनी पाहिलेलं, मग दोष कुणावर जाणार?

पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली. प्रत्येकाकडे एकेक उपाय तयार. कुणी म्हणालं रॉकेल चोळा, कुणी डांबरगोळ्यांची पूड टाका, कुणी तंबाखूचं पाणी, कुणी रोज लसूण चारा. रॉकेलनं कातडी सोलवटते आणि चाटल्यावर ते पोटात जातं. लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तंबाखूतलं निकोटीन तर सरळ विषच. एवढे उपाय सुचवणाऱ्यांपैकी एकानंही कुत्र्याला हात लावून पाहिलं नव्हतं.

मी फणी आणि पांढरा रुमाल घेऊनच गेले होते. रुमाल ओला केला आणि सगळ्यांसमोर बंड्याला विंचरलं : शेपटीच्या बुडाशी, पोटाखाली, कानांमागे. पिसवा असतील तर मिरपुडीसारखे काळे कण पडतात. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्तच. म्हणून ओल्या कापडावर प्रत्येक कणाभोवती तांबूस डाग पसरतो. माझ्या रुमालावर केस होते, थोडा कोंडा होता. डाग एकही नव्हता. मी रुमाल हातोहात फिरवला. सेक्रेटरींनी तो न बघताच पुढे दिला आणि म्हणाले, “ताई, काल धुऊन आणला असेल तुम्ही.”

यावर काय बोलणार? रविवार होता, आंघोळ घातलीच होती. स्वच्छ ठेवलं हाच पुरावा आमच्यावर उलटला. बंड्याला लिफ्टबंदीचा ठराव तिथल्या तिथे झाला. मागचा पाय दुखणारं म्हातारं कुत्रं, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारू नये, असं सांगणाऱ्या भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना मी छापून नेऊन दिल्या. “आपला ठराव झालाय,” एवढंच उत्तर मिळालं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर बंड्या थांबायचा आणि वर माझ्याकडे बघायचा.

उलगडा केला आमच्या पशुवैद्यांनी. जनावराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा शंभरातल्या जेमतेम पाच. बाकी सगळा पसारा अंडी, अळ्या आणि कोष होऊन फरशीच्या फटींत, गाद्यांत, सोफ्याच्या शिवणीत असतो. कोषातली पिसू महिनोन्‌महिने दम धरते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वास जाणवला की एकदम बाहेर पडते. आणि त्या फ्लॅटमध्ये आधीच्या भाडेकरूंची मांजरं होती!

मी पहिल्या मजल्यावर गेले. त्या मुलीच्या आईनं दार अर्धंच उघडलं. मी म्हटलं, रात्री जमिनीवर टेबललॅम्प लावा आणि त्याच्या उजेडात ताटलीत साबणाचं पाणी ठेवा. साबण अशासाठी, की नुसत्या पाण्यावर पिसू तरंगते. सकाळी तिनंच हाक मारली. ताटलीत दोन्ही बाजूंनी चपट्या, तपकिरी पिसवा, काहींचे लांब मागचे पाय अजून हलत होते. “ताई, या तर आमच्याच घरातल्या,” ती म्हणाली.

मग माझ्या सासूबाई कामाला लागल्या. त्यांचं माहेर गुरांचं. त्यांनी गाद्या गच्चीवर कडक उन्हात टाकायला लावल्या, चादरी उकळत्या पाण्यात घातल्या, कोपऱ्यांत निर्गुडीचा पाला ठेवला. व्हॅक्यूम क्लीनर आमचा नेला. रोज कडा आणि फटी ओढायच्या आणि कचरा लगेच बाहेर टाकायचा. निर्गुडीचा वास छान येतो, पण खरं काम ऊन, उकळतं पाणी आणि व्हॅक्यूमनं केलं असं मला वाटतं. कोष चिवट असतात, त्यामुळे पुढेही कित्येक आठवडे एखादी पिसू निघायचीच.

घरगुती म्हणजे निर्धोक, हे डोक्यातून काढून टाका. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. मांजराच्या अंगाला टी ट्री तेल किंवा कापूर लावू नका. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिनवालं औषध तर मांजराच्या जिवावर बेततं.

१८९७ मध्ये याच पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरं उपसली गेली, लोकांचं सामान जाळलं गेलं. उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमोंनी कराचीत दाखवलं ते त्याच्या पुढच्या वर्षी. आधी शिक्षा आणि मागाहून शोध, ही आपली जुनीच रीत दिसते.

त्या आईवर मात्र मला आता रागावता येत नाही. मुलीच्या पोटऱ्या मी पाहिल्या होत्या. नोटीस लिहिणाऱ्यांचं काहीच दुखत नव्हतं.

मी वर्षानुवर्षं औषधांच्या विरोधात बोलत आले. आता दर महिन्याला पशुवैद्यांनी दिलेलं औषध बंड्याच्या मानेवर घालते. कडुनिंबाचं पाणीही सुरू आहे, फक्त औषधाच्या आगेमागे दोन दिवस आंघोळ नाही. पिसवा तेव्हाही नव्हत्या, आताही नाहीत. पण औषधाच्या पावत्या मी तारीखवार जपून ठेवते, पुढच्या मीटिंगसाठी.