आवर्तनाबाहेरचं पाणी

अवसरी खुर्दच्या शिवारात वाढलेल्या माणसाला पाणी सांगून येतं असंच वाटत असतं. डिंभे धरणाचा उजवा कालवा, त्याच्या चाऱ्या, पाटकरी, पाणीअर्जाचा सात नंबर, कालवा सल्लागार समितीची बैठक आणि मग आवर्तन कधी सुटणार याची गावभर चर्चा. पाणी उशिरा येईल, कमी येईल, टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोचणारही नाही. पण न कळवता अंगावर येणार नाही. पाण्याबद्दलची माझी सगळी समज या काठावर घडली आणि तीच घेऊन मी डोंगरात गेलो. त्या दिवशी माझ्या हातून जे जे चुकलं, ते इथून सुरू होतं.

त्या सुमारास मी मदेरा बेटाबद्दल वाचलं होतं. अटलांटिक महासागरातलं हे पोर्तुगालचं बेट, डोंगराळ आणि दाट जंगलाचं. उत्तरेच्या उतारावर भरपूर पाऊस. दक्षिणेला ऊस आणि द्राक्षं, पण पाणी तुटपुंजं. पंधराव्या शतकापासून तिथल्या लोकांनी कड्यांच्या अंगानं अरुंद पाट खोदून पाणी इकडून तिकडं नेलं. या पाटांना लेवादा म्हणतात. पाटाची राखण करणाऱ्यासाठी ठेवलेल्या चिंचोळ्या वाटेवरून आता जगभरची माणसं धबधब्यांपर्यंत चालत जातात. वाचताना मला आमचा आंबेगाव तालुकाच दिसत होता. पश्चिमेला भीमाशंकर-आहुप्याकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, मंचर-अवसरीकडं सहा-सातशेच्या आसपास, आणि मधे धरण आणि कालवे. आपणही पाण्याच्या कडेनं वर चालत जावं, जिथून ते येतं ती जागा पाहावी, असं मनानं घेतलं. त्या इच्छेत काही वावगं होतं असं मला आजही वाटत नाही.

श्रावणातल्या एका रविवारी पुतण्याला मोटरसायकलवर मागं बसवून निघालो. तो तेव्हा अकरावीत होता. अवसरीत लख्ख ऊन पडलं होतं. बटाट्याच्या वाफ्यांना पाणी द्यायची वेळ आली होती, इतकी उघडीप. ‘आज पाऊस नाही,’ असं मी वहिनींना ठामपणे सांगितलं. कुठला पाऊस? माझ्या अंगणातला. वरच्या गावांत ओळखीची माणसं होती, त्यांतल्या एकालाही मी फोन केला नाही.

डिंभ्याच्या जलाशयाकाठी थांबून पुतण्याला सांगितलं, की ज्या गावाच्या नावानं आपला तालुका ओळखला जातो ते जुनं आंबेगाव या पाण्याखाली आहे, आणि धरणाला नाव दिलंय ते आपल्याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळच्या बाबू गेनूंचं. पुढं माळीणकडं वळणाऱ्या रस्त्याशी दोघांनी हात जोडले. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगर खाली आला आणि 151 माणसं गेली. या पट्ट्यातल्या प्रत्येकाला ती सकाळ आठवते, मलाही आठवते. हे सगळं मी पोराला समजावून सांगितलं, आणि त्यानंतर काही तासांतच त्याला घेऊन मी भर पावसात ओढ्यात उतरलो. माहिती असणं आणि ती पायापर्यंत पोचणं यांत केवढं अंतर असतं, हे मला त्या दिवसाआधी कुणी सांगून पटलं नसतं.

धबधब्याचं नाव मुद्दाम देत नाही; तिथं आधीच फार माणसं जातात. गाव संपल्यावर भातखाचरं लागतात आणि त्यांच्या वरच्या अंगानं एक पाट जातो. हातानं खोदलेला, दोन हात रुंदीचा. ओढ्यात दगड आडवे लावून पाणी वळवलेलं, आणि उताराच्या बाजूला दगड-मातीचा काठ. नुकतीच भाताची आवणी झालेली होती. मी त्या काठावरून चालू लागलो. आमच्या कालव्याच्या भरावावरून ट्रॅक्टर जातात, उसाच्या गाड्या जातात. काठ म्हणजे चालायची जागा, एवढंच मला ठाऊक. एका वळणावर पायाखालचा दगड हलला, मागोमाग ओंजळभर माती खाचरात ढासळली आणि पाण्याची बोटभर धार बाहेर पडू लागली. मी पाहिलं आणि पुढं गेलो. वाकून तो दगड परत बसवायला किती वेळ लागला असता?

धबधब्याशी जायला ओढा ओलांडावा लागतो. पाणी पोटरीइतकं, तळाचे गोटे दिसावेत इतकं नितळ. पलीकडं जाऊन आम्ही डोहाच्या अलीकडं खडकावर बसलो, भाकरी खाल्ली. पाऊस सुरू झाला तेव्हा आनंदच वाटला. खाली सरी साध्याच होत्या. वरच्या पठारावर काय कोसळत होतं ते धुक्यात दिसत नव्हतं, आणि धबधब्याला येणारं पाणी तर पठाराचंच असतं. पावसाळ्यात दोन महिने भिजलेला तो डोंगर. काळ्या कातळावर मातीचा थर पातळ, आणखी पाणी मुरायला जागाच उरत नाही. पडेल ते सगळं ओढ्यात उतरतं.

खुणा झाल्या होत्या. पाण्यावरून आधी पाला आला, मग काटक्या. नितळपणा गेला आणि तांबूस झाक आली. ओल्या मातीचा उग्र वास सुटला. पुतण्या म्हणाला, “काका, पाण्याचा रंग बघा.” मी म्हणालो, “होतं तसं पावसात.” मग तळातून गोटे एकमेकांवर आपटत गडगडल्याचा आवाज येऊ लागला, तेव्हा उठलो. तोवर पाणी मांडीपर्यंत आलं होतं. तरीही मी त्याचा हात धरून उतरलोच, कारण अंधार पडायच्या आत घरी पोचायचं होतं. मधोमध त्याचा पाय सटकला. माझ्या हातात त्याचं मनगट होतं म्हणून तो राहिला. गुडघा खडकावर आपटून फुटला. आम्ही कसेबसे मागं फिरलो, पुन्हा पलीकडच्याच काठाला.

अलीकडच्या काठावर प्लॅस्टिकची खोळ घेतलेले एक आजोबा उभे होते. ते ओरडून आणि हातवारे करून सांगत होते, की वर सरका, झाडापाशी बसा, उतरू नका. ते स्वतःही जागचे हलले नाहीत. आम्ही पुन्हा उतरू अशी त्यांना धास्ती असावी, आणि ती बरोबर होती. माझ्या मनात तेच चाललं होतं. बऱ्याच वेळानं पाऊस ओसरला, पाणी जसं चढलं तसंच भराभर उतरलं. त्यांनी काठी पुढं करून आम्हाला घेतलं.

परतताना पाटाचं ते वळण आलं. बोटभर धारेचं भगदाड झालं होतं. खालच्या खाचराचा बांध फुटला होता आणि आवणीची रोपं चिखलात आडवी पडली होती. खाचर त्या आजोबांचंच होतं. मी सांगितलं, की काठ माझ्या पायानं ढासळला. खिशातल्या नोटा पुढं केल्या. त्यांनी त्या घेतल्या नाहीत. “पैशानं बांध उभा राहत न्हाई दादा. हात लागत्यात.”

घरी मी खोटं बोललो. रस्त्यावर दरड आली होती म्हणून उशीर झाला, आणि गुडघा मोटरसायकलवरून उतरताना लागला, असं वहिनींना सांगितलं. पुतण्यानं दोन दिवस माझी बाजू धरून ठेवली, मग आईला खरं सांगून टाकलं. ओढ्यातल्या चुकीपेक्षा ही मला जास्त लागते. तिथं मला समजलं नव्हतं असं तरी म्हणता येतं. इथं मी समजून-उमजून एका पोराला खोटं सांभाळायला लावलं.

पुढच्या आठवड्यात एकटाच गेलो. दगड वाहिले, माती तुडवली. काम करताना आजोबांनी पडकईबद्दल सांगितलं: उतार फोडून खाचर तयार करायला वाडीतली माणसं एकमेकांकडं पाळीपाळीनं राबतात. जो काठ मी सहज तुडवला, त्यात किती घरांची मेहनत होती ते दगड उचलतानाच कळलं. वाहून गेलेली रोपं मात्र परत लावता आली नाहीत. आवण शिल्लक नव्हतं. त्या वर्षी ती पट्टी मोकळी राहिली.

वहिनी पुतण्याला अजूनही माझ्याबरोबर पावसाळ्यात पाठवत नाहीत, आणि मी त्यांना गळ घालत नाही. माझी एक मागणी मात्र आहे. पावसाची मोजणी महसूल मंडळनिहाय रोज होते. वरच्या गावांतला त्या त्या दिवशी सकाळचा आकडा घोडेगावच्या एसटी स्टँडवर आणि डिंभ्याच्या फाट्यावर फळ्यावर लिहिला जावा. आमच्यासारखे खालून उन्हातून येणारे तिथून पुढं जातात, आणि त्या ठिकाणी वरचा पाऊस दिसत नाही. खडू-फळा कुणी दिला तर श्रावणातल्या रविवारी तो आकडा लिहायला उभं राहायची माझी तयारी आहे.