माझा नखरेल पाहुणा

मित्रांनो, तुमच्या घरी जेवायला बसलं की नाक मुरडणारं कुणी आहे का? 'ही भाजी नको, ती उसळ नको' म्हणणारं? आमच्या घरी तसा एक होता, तो म्हणजे मी! पण मी सहावीत असताना आमच्याकडे चार दिवस असा एक पाहुणा राहिला, की त्याच्यापुढे माझे नखरे काहीच नव्हते. तो पाहुणा म्हणजे एक सरडा.

आमचं घर हर्णैला, म्हणजे दापोली तालुक्यातल्या हर्णे बंदरात. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा. संध्याकाळी होड्या लागल्या की किनाऱ्यावर मासळीचा लिलाव सुरू व्हायचा आणि कावळे, घारी, मांजरं, माणसं सगळ्यांचीच चंगळ व्हायची. अशा गावात कुणी उपाशी राहील, हे मला खरंच वाटलं नसतं.

गणपतीची सुट्टी होती. आमच्या वाडीतली पोरं सरडा दिसला की दगड घ्यायची. त्याचा गळा लाल होतो ना, तेव्हा तो लांबूनच माणसाचं रक्त पितो म्हणे! (हे अगदी खोटं आहे हं. विणीच्या दिवसांत नर सरड्याचं डोकं आणि गळा लाल होतो, इतकंच.) त्या दिवशी एक दगड सरड्याच्या शेपटीला चाटून गेला आणि तो गडग्यावरून खाली गवतात पडला. मी धावत जाऊन त्याच्यावर रुमाल टाकला आणि त्याला घरी घेऊन आलो. आपण एक जीव वाचवला, म्हणून मी भलताच खूश होतो.

चपलांच्या खोक्याला भोकं पाडली, आत गवत घातलं आणि खोका माजघरात खाटेखाली सरकवला. तिथे अंधार, गारवा, शांतता. पाहुण्याला आणखी काय हवं?

मग सुरू झाली त्याची सरबराई. मी आधी भात ठेवला. त्याने ढुंकून पाहिलं नाही. तांदळाच्या भाकरीचा तुकडा ठेवला. नाही. जास्वंदीचं फूल, केळ्याची फोड, उकडीच्या मोदकाचं सारण, सगळं झालं. शेवटी आजीच्या डब्यातली मूठभर सुकट आणून टाकली. हर्णैचा असून सुकट खात नाही म्हणजे काय! पण तोही मान वळवून बसला. दुसऱ्या दिवशी मी मेलेल्या माश्या गोळा करून त्याच्यापुढे रांगेत मांडल्या. त्या तशाच वाळून गेल्या.

तिसऱ्या दिवशी खोका उघडला आणि मला धस्स झालं. त्याच्या गळ्याची लाली पार गेली होती. अंग काळपट पडलं होतं. कुशीला खळगा दिसत होता. हात लावला तरी तो पळाला नाही. मी रडवेला होऊन आजीकडे गेलो.

"आजी, तो काहीच खात नाही गं. मरेल तो!"

आजी नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्यापुढं कारल्याची भाजी ठेवली तर तू खातोस काय रे? तुला काय हवं ते मला ठाऊक आहे, म्हणून तू जेवतोस. त्याला काय हवं ते तुला ठाऊक आहे काय?"

मला ठाऊक नव्हतं. मी तडक आमच्या शास्त्राच्या सरांच्या घरी गेलो. सरांनी मला उत्तर दिलं नाही, कामच दिलं. म्हणाले, "बाहेर गडग्यावर दुसरा सरडा असेल. तासभर त्याच्याकडे बघ. हलायचं नाही, बोलायचं नाही. मग मला सांग."

मी बसलो. पहिली पंधरा मिनिटं काहीच झालं नाही. तो सरडा चिऱ्यावर नुसता ऊन खात बसला होता. त्याच्यापासून वीतभर अंतरावर एक मेलेला भुंगा पडला होता, त्याच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. इतक्यात समोरच्या पानावर एक नाकतोडा हलला. सरड्याची मान ताठ झाली, आणि एका झेपेत नाकतोडा गट्टम! नंतर त्याने सावलीत जाऊन ओल्या पानावरचे पाण्याचे थेंब चाटले आणि पुन्हा उन्हात येऊन बसला.

मी धावत सरांकडे गेलो. सर म्हणाले, "आता बघ, तुझ्या खोक्यात यातलं काय काय आहे?"

मित्रांनो, त्यातलं काहीच नव्हतं! सरडा थंड रक्ताचा प्राणी. आपलं अंग आतून गरम राहतं, त्याचं राहत नाही. त्याला ऊन लागतं. अंग तापल्याशिवाय त्याला चपळाई येत नाही, भूक लागत नाही आणि खाल्लेलं पचतही नाही. शिवाय त्याचं भक्ष्य हललं तरच त्याच्या नजरेत भरतं. पडून राहिलेली सुकट त्याच्या लेखी काडीकचरा. पाणीही तो वाटीतलं फारसं पीत नाही, त्याला थेंब हवेत. मी त्याला अंधारात, गारठ्यात ठेवलं होतं आणि वर म्हणत होतो, नखरे करतो!

चौथ्या दिवशी सकाळी मी खोका उचलून खळ्यात उन्हात ठेवला. अर्धी बाजू पानांनी झाकून सावली केली, पानांवर पाणी शिंपडलं. तेव्हा भातं पोटरीला आली होती, बांधावर नाकतोडे पुष्कळ. एक पकडून आत सोडला. अर्धा तास गेला. सरड्याच्या अंगाचा काळपटपणा हळूहळू उतरला. त्याने मान वर केली. नाकतोड्याने उडी मारली, आणि खटकन आवाज झाला! मी आनंदाने इतक्या मोठ्याने ओरडलो, की आजी हातातला झारा घेऊन बाहेर आली.

त्या दुपारी मी रणरणत्या उन्हात आणखी तीन किडे पकडले. सगळे त्याने खाल्ले. आता तो माझा झाला, असं मला वाटलं. पण संध्याकाळी आभाळ भरून आलं. आजी म्हणाली, "उद्या पाऊस लागला म्हंजे? आणि सोमवारपासून तुझी शाळा. मग त्याला ऊन कोण देणार, किडे कोण देणार?"

मी रात्रभर तळमळलो. त्याला सोडलं तर पोरं पुन्हा दगड मारतील. ठेवलं तर तो माझ्या मायेनेच मरेल. सकाळी पाऊस थांबल्यावर मी खोका गडग्यापाशी नेला आणि झाकण उघडलं. तो क्षणभर थांबला, मग सरसर चढून अडुळशात दिसेनासा झाला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही हो! मला रडू आलं. पण त्या दिवसापासून मी आमच्या वाडीत पोरांना सरड्यावर दगड मारू दिला नाही. जो तासभर शांत बसून बघेल, त्याला मी आजीचा एक लाडू द्यायचो. लाडवांच्या आशेने आलेली पोरं नंतर नुसती बघायलाच यायला लागली.

आपण म्हणतो, 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत'. पण कुंपणावर त्याचं ऊन आहे, सावली आहे, पाणी आहे आणि चालतंबोलतं ताट वाढलेलं आहे. त्याने पुढे जावं तरी कशाला?

पुढे मोठा झाल्यावर वाचलं, की सरड्यांच्या जगात प्रत्येकाचं ताट वेगळं असतं. ऑस्ट्रेलियातला एक काटेरी सरडा जवळजवळ फक्त मुंग्याच खातो. गॅलापागोस बेटांवरचे इग्वाना समुद्रात बुडी मारून शेवाळ खातात. इंडोनेशियातला तीन मीटर लांबीचा कोमोडो ड्रॅगन हरणाची शिकार करतो. यातलं कुणीच नखरेल नाही. आपण चुकीचं ताट मांडलं, तर पाहुणा उपाशी राहणारच.

म्हणून तुम्हाला सांगतो, रानातला प्राणी घरी आणू नका. आपल्याकडची घोरपड पकडणं किंवा बाळगणं हा तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. आणि घरचं कुत्रं, मांजर, पोपटाऐवजी पाळलेला एखादा छोटा पक्षी जेवेनासा झाला, तर त्याला रागावण्याआधी त्याच्याकडे तासभर नीट बघा, आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

आमच्या गडग्यावर अजून सरडे असतात. कुठलाही दिसला की मला वाटतं, हा त्याचाच नातू-पणतू असेल. मी मुकाट्याने बसून बघतो. हो, आणि हल्ली मी कारल्याची भाजीसुद्धा खातो!